नुसत्या पिवळ्या सापळ्यांनी चिलटं जाणार नाहीत

दोन आठवडे पिवळे चिकट सापळे लावूनही कुंड्यांतली चिलटं हटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. सापळ्यात फक्त उडणारी सापडतात हो, अळ्या मातीतच राहतात, बहुतेक वरच्या 5 सेंमीमध्ये. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. काचेसारखं अंग आणि चकचकीत काळं डोकं दिसलं की समजायचं, अळ्या आहेत.

मूळ दुखणं सतत ओल्या मातीचं. वरचा 4-5 सेंमी थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी देऊ नका. दिलंत तर खालून: कुंडी अर्धा तास पाण्याच्या ताटलीत ठेवायची, उरलेलं पाणी ओतून टाकायचं.

फर्नसारखी झाडं इतका कोरडेपणा सोसत नाहीत. त्यांच्यासाठी बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे अळ्या मारणारे जिवाणू, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून मातीत ओता. पाकीट घेताना नाव नीट वाचा! कुर्स्टाकी जातीचं बीटी पतंगांच्या अळ्यांसाठी असतं, इथे त्याचा उपयोग नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते एकदाच ओतून थांबल्यामुळे. बीटीआय खाणाऱ्या अळीलाच मारतं, अंडी आणि कोष तसेच राहतात. अंड्यापासून चिलट व्हायला साधारण 3-4 आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला एकदा असं निदान चार वेळा द्या, आणि घरातल्या सगळ्या कुंड्यांना एकाच दिवशी. सापळे काढू नका, मातीलगत आडवे ठेवा. रोज किती चिकटली त्यावरून उतार कळतो.