तोफेचं नाणं: आधी कस बघा

इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईतल्या (ऑक्टोबर १९४२) २५-पाउंडर या ब्रिटिश तोफेचं चित्र असलेलं 'सोन्याचं' नाणं घ्यावं का, असं एकाने विचारलंय. आधी वजन आणि कस विचारा. बारीक अक्षरांत 'गोल्ड प्लेटेड' दिसलं की विषय संपला. एक ट्रॉय औंस शुद्ध सोनं म्हणजे ३१.१ ग्रॅम, पण नुसता काटा पुरत नाही, व्यास आणि जाडीही मोजा. सोन्याची घनता १९.३, म्हणून तेवढ्याच वजनाचं, तेवढ्याच व्यासाचं पितळी नाणं दुपटीहून जाड निघतं.

चित्रात तोफेखालचा गोल पाट (ज्यावर तोफ फिरवतात) दिसतो का, तेही बघा. ती २५-पाउंडरची खूण. (जंजिऱ्याच्या कलाल बांगडी तोफेवर कुणी नाणं काढलं, तर रांगेत मी पहिला!)

आमच्या रत्नागिरीत मोडायला नेलंत तर सराफ तोफ बघणार नाही, कसच बघणार. तोफेचे जादा पैसे देईल तो संग्राहकच; म्हणून मूळ डबी आणि प्रमाणपत्र जपा.

इथल्या दमट हवेचं शुद्ध सोन्याला काही नाही, २२ कॅरेटमधल्या तांब्यामुळे मात्र डाग पडू शकतात. पीव्हीसीची पाकिटं नकोत, कॅप्सूल (नाण्याची कडक पारदर्शक डबी) घ्या. रिठ्याचं पाणी दागिन्यांना ठीक. प्रूफ (संग्राहकांसाठी खास झळाळीचं पाडलेलं) नाणं घासलंत तर त्याची आरशासारखी झळाळी परत येत नाही.