शहराचा टीव्ही चॅनल कोणाच्या पैशावर चालतो? आणि ठाण्यात काय मागायचं?

पाचपाखाडीकर

अमेरिकेत कित्येक शहरांचे स्वतःचे केबल चॅनल असतात. एकावर नगर परिषदेच्या सभा, एकावर शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम, एकावर कोणाही नागरिकाने बनवलेलं काहीही. तिकडे याला 'पेग' (पब्लिक, एज्युकेशनल, गव्हर्नमेंट) म्हणतात. याचा खर्च पालिका करते, केबलवाला करतो की ग्राहकाच्या बिलातून जातो?

विचारण्याचं कारण, ठाणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आमच्या गटाला लेखी सूचना द्यायची आहे. महासभा आणि प्रभाग समितीच्या बैठका घरबसल्या बघता याव्यात, एवढीच मागणी. 'लोकसहभाग वाढेल' छापाची उत्तरं कृपया नकोत. आकडे आणि कलमं हवीत.

तारतंत्र

तिन्हींचं थोडंथोडं. मुळात ते रस्त्याचं भाडं आहे. केबल कंपनी शहराच्या रस्त्याखालून आणि खांबांवरून तार नेते, त्या बदल्यात शहर परवाना देतं आणि शुल्क घेतं. १९८४ च्या केबल कायद्याने त्याला कमाल मर्यादा घातली: केबल सेवेच्या वार्षिक ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्के. कंपनी हे बिलावर वेगळं दाखवून ग्राहकाकडून वसूल करू शकते आणि बहुतेक ठिकाणी करतेच. चॅनलसाठी जागा राखून ठेवायची अट शहर त्याच कायद्याने घालू शकतं.

त्याआधी १९७२ मध्ये त्यांच्या संचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, मोठ्या १०० बाजारपेठांत असे चॅनल सक्तीचे केले होते. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. म्हणून आता देशभर सक्ती नाही, ज्या शहराने करारात मागितलं त्यालाच मिळतं.

हिशोब मांडून बघा (आकडे मानलेले). २०,००० जोडण्या, महिना ७० डॉलर, म्हणजे वर्षाला १ कोटी ६८ लाख डॉलर. ५ टक्क्यांनी शहराला ८ लाख ४० हजार. जोडण्या १२,००० वर आल्या की तेच ५ लाख ४ हजार होतात. स्टुडिओचं भाडं आणि पगार मात्र होते तेवढेच राहतात. सध्या तिकडे नेमकं हेच चाललंय. लोक केबल टीव्ही सोडतात आणि त्याच कंपनीचं इंटरनेट ठेवतात, पण ५ टक्के लागतात ते फक्त केबल सेवेच्या उत्पन्नावर, इंटरनेटच्या नाही. डिशवाल्यांना स्थानिक कर-शुल्कातून १९९६ च्या कायद्यानेच सूट आहे. नेवाडातल्या रीनो शहराने नेटफ्लिक्स आणि हुलूकडून शुल्क मागून पाहिलं, २०२२ मध्ये अपील न्यायालयात हरलं.

खतावणी

वरच्यात एक भर घालतो, कारण सगळे इथेच फसतात. ते ५ टक्के चॅनलसाठी राखीव नसतात. शहराच्या सर्वसाधारण निधीत जातात. तिथून चॅनलला किती द्यायचं हे दरवर्षी परिषद ठरवते, काही शहरं काहीच देत नाहीत.

चॅनलसाठी खास असतो तो वेगळा पेग शुल्काचा पैसा. कॅलिफोर्नियात २००६ च्या राज्य कायद्याने ५ टक्क्यांच्या वर आणखी १ टक्क्यापर्यंत घेता येतो. पण हा पैसा ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर ठेवायचा असेल तर तो भांडवली खर्चालाच लागतो: कॅमेरे, स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं यंत्र), स्टुडिओची बांधणी. पगार, वीज, प्रशिक्षण त्यातून दिलं तर ते मर्यादेच्या आत मोजलं जातं. मग होतं काय, तर तीन नवे कॅमेरे येतात आणि ते चालवायला माणूस नसतो. ठाण्यात वेगळं होईल असं समजू नका.

२०१९ मध्ये एफसीसीने आणखी आवळलं. करारातल्या अटीने शाळा-वाचनालयांना फुकट दिलेली जोडणीसुद्धा ५ टक्क्यांत धरायची. २०२१ मध्ये न्यायालयाने एवढीच दुरुस्ती केली की तिची किंमत बाजारभावाने न लावता कंपनीला प्रत्यक्ष पडणाऱ्या वाढीव खर्चाने लावा.

सेक्टर१७_वाशी

आता इकडचं. तो नमुना इथे जसाच्या तसा बसत नाही, त्याची कारणं:

केबलच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो केंद्र आणि राज्याचा. त्याआधीचा करमणूक करही जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत राज्याकडेच जायचा. पालिकेला 'दर जोडणीमागे' असं काही मिळत नाही. रस्ता खोदाई शुल्क मिळतं, पण ते खड्डा बुजवण्यासाठी, उत्पन्नातला वाटा म्हणून नाही.

दुसरं कारण मोठं आहे. प्रसारण हा केंद्राच्या सूचीतला विषय. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २१ ऑक्टोबर २०२२ ला स्पष्ट कळवलंय की केंद्र-राज्य सरकारं आणि त्यांच्याशी संबंधित संस्थांनी प्रसारणात किंवा वितरणात थेट उतरायचं नाही. करायचंच असेल तर प्रसार भारतीमार्फत. त्यामुळे 'महापालिकेने स्वतःचा केबल चॅनल काढावा' असं सूचनेत लिहिलंत तर फाईल विधी विभागातूनच परत येईल.

केबलवर दिसतात ते स्थानिक चॅनल म्हणजे एमएसओच्या (मोठ्या केबल वितरक कंपन्यांच्या) 'प्लॅटफॉर्म सेवा'. त्यांचे नियम ३० नोव्हेंबर २०२२ चे: नोंदणी शुल्क चॅनलमागे १,००० रुपये, चालवणारी कंपनीच हवी, एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच असे चॅनल, शिवाय जिल्ह्यामागे २, पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' अशी पट्टी आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. अशा चॅनलला सभेचं चित्रण द्यायला पालिकेला कोणी अडवत नाही, पण चॅनल त्यांचा आणि काय दाखवायचं तेही तेच ठरवणार.

तेव्हा मागणी करा ती इंटरनेटवर थेट प्रक्षेपण आणि जतन केलेलं चित्रण, या दोनच गोष्टींची. आधार म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ लावा, स्वतःहून माहिती खुली करण्याचं.

खतावणी

आणि सूचना दोन लेखाशीर्षांत फोडून द्या. भांडवली: कॅमेरे, स्विचर, केबल, यूपीएस. महसुली: दोन ऑपरेटरांचं मानधन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या, वार्षिक देखभाल करार. पहिलं सहज मंजूर होतं, खरेदी दाखवता येते. दुसरं मागितलंच नाही तर हमीची मुदत संपली की यंत्रणा कपाटात जाते. 'थेट प्रक्षेपण यंत्रणा, एकरकमी' अशी ओळ कुठे दिसली तर तिथेच हरकत घ्या.

मिक्सरवाला

सभागृहाचं तांत्रिक. ठाणे पालिकेचं नरेंद्र बल्लाळ सभागृह असो की नवी मुंबई पालिकेचं बेलापूरचं, दुखणं एकच: आवाज. चित्र थोडं धूसर चालतं, शब्द कळला नाही तर लोक दोन मिनिटांत बंद करतात.

आवाज घ्यायचा तो टेबलावरच्या माइक यंत्रणेच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून), कॅमेऱ्याच्या माइकमधून कधीच नाही. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रणांची विजेची थेट जोडणी तोडणारा) टाका, नाहीतर दोन वेगळ्या अर्थिंगमुळे ५० हर्ट्झची घरघर सभा संपेपर्यंत पाठ सोडत नाही. अध्यक्षांच्या माइकला सहसा अग्रक्रम असतो: महापौरांनी बटण दाबलं की बाकी सगळ्यांचे माइक बंद. प्रत्यक्षात तेव्हाच खाली खरा गोंधळ चालू असतो आणि घरी बसलेल्याला एकट्या महापौर 'बसा, बसा' म्हणताना ऐकू येतात. म्हणून छताला एक जादा माइक, मिक्सरवर हलका उघडा ठेवायचा.

फिरते, झूमवाले कॅमेरे ३. शटर १/५० सेकंद, नाहीतर दिव्यांचे पट्टे पडद्यावर सरकत राहतात. कॅमेरा आणि स्विचर मिळून साधारण ३ फ्रेम उशीर होतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने १२० मिलिसेकंद, आवाजही तेवढाच उशिरा सोडायचा. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून जुळवा.

प्रक्षेपण १०८०पी, ५ एमबीपीएस, की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी. अपलोड किमान १५ एमबीपीएस हवं आणि ते पालिकेच्या ऑफिस वायफायवर नको. ५ एमबीपीएसला तासाला सव्वादोन जीबी, म्हणजे ६ तासांच्या सभेला १३.५ जीबी. यूट्यूब १२ तासांपर्यंतचंच थेट प्रक्षेपण जपून ठेवतं, म्हणून सभागृहातल्या डिस्कवर वेगळं रेकॉर्डिंग हवंच. एकूण भार ४०० वॅट धरला तर तासभरासाठी १२ व्होल्ट ४२ एएचच्या (अँपिअर-तास) २ बॅटऱ्या. यूपीएसच्या पोटातल्या बॅटरीवर काही मिनिटंच निघतात.

एक बारीक गोष्ट: सुरुवातीच्या 'वंदे मातरम्'ची कुठल्यातरी कंपनीच्या मालकीची ध्वनिफीत लावली तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. प्रत्यक्ष गायलेलं बरं.

पाचपाखाडीकर

बराच उलगडा झाला. प्रभाग समित्यांच्या बैठकांनाही हाच सरंजाम लागेल का? तिथे खोली लहान असते.

मिक्सरवाला

नाही. एक कॅमेरा, एक लॅपटॉप, टेबलावर २ सपाट माइक आणि एक माणूस पुरे. फक्त तिथला पंखा माइकच्या बरोबर वर नसावा.