आधी एकूण वजन बघा

लांबी, रुंदी, बर्थ (झोपायच्या जागा) सारखेच असलेल्या या दोन केबिन क्रूझरपैकी (आत राहता येईल अशा मोटरबोटींपैकी) कोणती घ्यावी, असं विचारलंत. माझ्या मते आधी वजन बघा. माहितीपत्रकातलं वजन बहुतेकदा कोरडं असतं. त्यात इंधन, पाणी, सामान, ट्रेलर धरलेलं नसतं. 200 लिटर पेट्रोलच 150 किलोच्या आसपास भरतं. ट्रेलरवरची बोट ओढणाऱ्या तुमच्या गाडीची क्षमता या सगळ्याच्या बेरजेशी ताडून पाहा, नाहीतर पाण्यातून उतारावरून बोट वर काढताना घाम फुटेल (गाडीलाही!). मग तळाचा आकार. खोल 'व्ही' तळ लाटांवर कमी आपटतो, पण थांबल्यावर बोट जास्त डोलते, आणि तुम्ही तर रात्री मुक्काम करणार म्हणताय. इंजिनात मी आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या बाजूने. पाण्याबाहेर पूर्ण उचलता येतं, शिवाय स्टर्नड्राइव्हच्या (इंजिन बोटीत, पंख्याचा भाग मागे बाहेर) रबरी बेलोजची, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या घड्यांच्या नळ्यांची, कटकट नाही. गाद्यांचे रंग काय, नंतरही बदलता येतात.