कामाला लावून गेलेली माणसं: तुमचे अनुभव लिहा

परवा बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत, मला काम शिकवलेल्या मामांचं रक्षाविसर्जन झालं. आमच्या कारखान्यातले नऊ-दहाजण होतो, आणि जो तो आपापली जुनी चूक सांगत होता, मामांनी ती कशी पकडली ते. म्हटलं, हे लिहून ठेवूया. ज्याच्या हाताखाली शिकलात आणि ज्याच्याशी दोस्तीही झाली, असं गेलेलं माणूस तुमच्याही कामावर असेल तर लिहा. नावं नकोत. देवमाणूस होते वगैरेही नको.

माझ्यापासून सुरुवात. उद्यमबागेतली फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, १९९४ साल. मामा पॅटर्नमेकर, ओतकामाचे लाकडी नमुने करणारे. ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आक्रसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून वाळूत दाबायचा लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा सेंटीमीटरभर लांब. आयटीआयच्या पुस्तकात हे वाचलं होतं. तरी पहिल्याच महिन्यात घाईत साधी पट्टी उचलली. ३०० मिलिमीटरचा फ्लँज (जोडाची गोल चकती) तीन मिलिमीटर कमी भरला. मशीनिंगला अंगावर मालच उरेना. चाळीस नग ओतून झाले होते.

मालक ओरडून गेले. मामा एक नग मांडीवर घेऊन बसले, कडेवरून अंगठा फिरवत. मग म्हणाले, "हे जातंय की बे परत भट्टीत. तू जाऊ नको म्हणजे झालं." दुपारी त्यांच्यासमोर डबा उघडायची लाज वाटत होती. त्यांनीच उघडला आणि माझी भाजी संपवली.

तिथून दोस्ती जमली. वयात २२ वर्षांचं अंतर. सुटी झाली की तिसऱ्या रेल्वे गेटला सायकली थांबायच्या. गाडी निघून जायची, गेट उघडायचं, आम्ही तिथंच. आता उड्डाणपूल झालाय. थांबायला कारणच उरलं नाही.

*वडगाव, पॉवरलूम*

लग्न होऊन इकडं आलो तेव्हा मला मागाचा आवाजही सोसत नव्हता. (होय, आम्ही बायका पण 'आलो'च म्हणतो. पुण्याच्या मंडळींनी दुरुस्त करू नये.) शेजारच्या मागावर अक्का होत्या. तुटलेलं सूत जोडायला त्यांनी शिकवलं. गाठ सगळेच मारतात ओ, पण तिचं शेपूट लांब राहिलं की फणीत अडकतं आणि शेजारची चार सुतं घेऊन तुटतं. अक्का शेपूट दातानं तोडायच्या. कोरोनात गेल्या. माझे पुढचे दोन दात झिजलेत, डेंटिस्ट कारण विचारत होता.

*खडेबाजार, कापड दुकान*

सगळे गोडच लिहितायत म्हणून सांगतो. माझे गुरू तापट आणि कंजूष होते. दोन वर्षं नुसत्या घड्या घालायला लावल्या, कापड मोजायचा गज हातात दिला नाही. शिकलो त्यांच्याकडूनच. पण मैत्री वगैरे काही नव्हती.

*खानापूर, बस कंडक्टर*

माझा दोस्त ड्रायव्हर, कन्नड माणूस. नोकरीला लागलो तेव्हा मला कन्नड आकडे येत नव्हते. तीन, सहा आणि नऊ तर एकाच आईची लेकरं वाटायची. त्यानं स्टिअरिंगवर बोटानं गिरवून शिकवले. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, तो बसला लाल-पिवळा झेंडा बांधायचा, आमच्या घरी काळा दिवस. २ तारखेला आम्ही एकाच गाडीवर. यावर वाद झाला नाही असं नाही. एकदा चोर्ल्याच्या घाटातून खाली उतरेपर्यंत बोललो नव्हतो. मग त्यानंच मिरची भजी आणली.

तो गेल्यावर घरी गेलो. वहिनींनी दारातच विचारलं, नेहमीसारखं, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का. 'आतरी', झालं, म्हटलं. झालं नव्हतं.

*निपाणी*

विड्या वळायला शिकवणाऱ्या मावशी. २५ चा कट्टा न मोजता हातात धरून सांगायच्या, एक कमी आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात त्या हायवेवर बसल्या होत्या, हे त्या गेल्यावर फोटोवरून कळलं. बाकी दिवसभर बडबड, हे मात्र कधी बोलल्या नाहीत.

*धागा काढणारा*

दोघांनी विचारलंय, मामांच्या पट्टीचं काय झालं. रक्षाविसर्जनाहून परतताना त्यांच्या मुलानं ती मला दिली. मामा कधीच शून्यापासून मोजायचे नाहीत, दहाच्या रेघेवर टोक धरायचे आणि शेवटी दहा वजा करायचे. मला वाटायचं ही कसबी माणसाची रीत. घरी आणून उजेडात बघितली, तर पट्टीचं टोक झिजलंय, पहिल्या तीन-चार रेघा दिसतच नाहीत.

मी तीस वर्षं दहापासूनच मोजतोय. माझी पट्टी चांगली आहे.