मदत हवी आहे: दुसऱ्याच स्कूटरचं चलन, कोर्टात ‘नाकबूल’ सांगून आलोय, आता पुढे काय?

खाडीकाठची:

मंडळी, जाणकारांनी सांगा. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

स्कूटर सासऱ्यांच्या नावावर, एमएच ०४ पासिंग. बाबा ७२ वर्षांचे, गाडी कळव्याच्या बाजाराच्या पलीकडे जात नाही. चलन मात्र नवी मुंबईतल्या पामबीच मार्गावरचं, रात्री साडेअकराचं. ट्रिपल सीट, विना हेल्मेट. फोटोत तीन पाठमोरी पोरं. मॉडेल आमचंच, नंबरही आमचाच दिसतो. पण आमच्या गाडीला साडी गार्ड आणि लेडीज फूटरेस्ट आहे, त्या गाडीला यातलं काहीच नाही. आमची प्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटीवाली), तिकडची रंगवलेली, लफ्फेदार आकड्यांची. ऑनलाइन तक्रार केली, फोटो जोडले, ती एका ओळीत फेटाळली गेली. मग समन्स आलं.

सगळे ‘वाशी कोर्ट’ म्हणतात, पण ते भरतं बेलापूरला. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून आम्ही साडेदहालाच पोचलो. बाहेर बोर्डावर नावांची यादी, तिच्यापुढे हीऽ गर्दी. निम्मे दारू पिऊन गाडी चालवल्याचे, म्हणजे कलम १८५ वाले. ते जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, कोर्टातच यावं लागतं. बाकी कोणी विनालायसन्स, कोणी उलट्या दिशेने आलेले. व्हरांड्यात काळा कोट घातलेले दोघं-तिघं आपणहून विचारत होते, ‘काय केस आहे? कबूल करून टाका, पाच मिनिटांत मोकळे.’

आणि खरंच तसंच चाललं होतं. पुकारा झाला की माणूस आत, ‘गुन्हा कबूल आहे?’ ‘कबूल.’ रक्कम, पावती, पुढचा. बाबांचं नाव आलं तेव्हा ते हात जोडूनच उभे राहिले. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर नोकरी केलेला माणूस, पोलीस स्टेशनची पायरी चढलेला नाही. मला वाटलं, हे ‘कबूल’ म्हणतात आता. पण म्हणाले, ‘साहेब, गाडी माझी नाही.’ मॅजिस्ट्रेटनी शांतपणे ऐकून घेतलं, पुढची तारीख दिली आणि पुरावे आणायला सांगितले.

आता घरात दोन तट. बाबा आणि नवरा म्हणतात, लोकअदालतीत काय ते देऊन मिटवू. मला ते पटत नाही. पैसे भरले म्हणजे ती पोरं आमचीच असं लिहून दिल्यासारखं होईल ना? उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस आमच्या दारात येतील. सोसायटीचं त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं गेलंय. मग पुरावा म्हणून न्यायचं काय?

---

फाटकाबाहेरचा:

भरून टाका हो. सुट्टी, लोकल, वकील हे सगळं धरलं तर दंड स्वस्त पडेल. मी दोन चलनं लोकअदालतीत मिटवली, अर्ध्या तासात बाहेर.

---

जुना वकील:

वरचा सल्ला ज्याची चूक आहे त्याच्यासाठी ठीक. लोकअदालत म्हणजे तडजोड. गाडी कुणाची हा वाद तिथे पुरावे घेऊन सोडवत नाहीत, आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. संमती न देणं हा तुमचा हक्क आहे, प्रकरण परत नेहमीच्या कोर्टात जातं. शिवाय ट्रिपल सीट आणि हेल्मेट या दोन्हींना (मोटार वाहन कायदा, कलम १९४-क, १९४-ड) दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र करण्याची तरतूद आहे, हे बाबांना सांगा.

पुरावा फुटेजचाच हवा असं कुठे आहे? पीयूसी काढताना प्लेटचा फोटो घेतात, तो प्रमाणपत्रावर असतो. चलनाच्या आधीच्या तारखेचं पीयूसी असेल तर सोनं. एचएसआरपी बसवल्याची पावती काढा, तारीख आधीची हवी. सर्व्हिसिंगची बिलं, गार्ड दिसणारे जुने घरगुती फोटो. कॅमेऱ्यावरचं चलन असेल तर २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ प्रमाणे त्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. ते आणि मूळ फोटो मागणारा अर्ज कोर्टात द्या. ॲपवरचा बारीक फोटो कामाचा नाही. तुमच्या केसच्या कागदांच्या प्रमाणित प्रतींसाठी नक्कल अर्जही टाका.

सुनेला कोर्टाच्या परवानगीशिवाय आरोपीच्या वतीने बोलता येत नाही, म्हणून वकील हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, बाबा उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर मोफत मिळेल.

---

ऐरोली नाका:

ताई, फोटो मोठा करून एकेक आकडा बघा. काळी टेप लावून ३ चा ८ करणारे आमच्याकडे ढिगाने आहेत. तसं असेल तर तुमचा नंबर कुणी चोरला नाही, कॅमेऱ्याने चुकीचा वाचला.

---

खाडीकाठची:

धन्यवाद सगळ्यांना. पीयूसी सापडलं, चलनाच्या आधीचं आहे, प्लेट स्पष्ट दिसते!! ऐरोली नाका, तुमच्या म्हणण्याप्रमाणे बघितलं. शेवटून दुसरा आकडा खरंच संशयास्पद आहे, डावी बाजू उजवीपेक्षा जाड. पण फोटो फार फुटतो.

एकच शंका. बनावट प्लेटची तक्रार कळव्याला द्यायची की नवी मुंबईत? आयुक्तालयं वेगळी आहेत, इकडून तिकडे पिटाळतील अशी भीती वाटते. पनवेल लोकलमध्ये बाबांना पुन्हापुन्हा उभं करायचं नाहीये.

---

जुना वकील:

कळव्यालाच द्या. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तीच पोच पुढच्या तारखेला कोर्टात जोडा. गाडी विकायचा किंवा रंग बदलायचा विचार असेल तर तोवर थांबा, कोर्टाने बघायला मागितली तर जशीच्या तशी दाखवता आली पाहिजे.

---

फाटकाबाहेरचा:

बरं, मी माझा सल्ला मागे घेतो. पण ताई, तारखेला डबा घेऊन जा, नंबर कधी लागेल सांगता येत नाही.