हेगच्या न्यायाधिकरणाला ‘दुकान’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माणदेशी:

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या जुलै १९९५ च्या हत्याकांडाच्या स्मृतिदिनाच्या बातमीखाली नीरक्षीर यांनी लिहिलंय, ‘युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं ते न्यायाधिकरण म्हणजे पाश्चात्त्यांनी हेगमध्ये थाटलेलं दुकान. चोवीस वर्षं चाललं, मिलोशेविच निकालाआधीच मेला, चार म्हातारे सेनापती आत गेले. तेवढ्या पैशात इतिहासकार पोसले असते तर बरं झालं असतं.’ हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच ११ मार्च २००६ ला कोठडीत मेला आणि निकाल लागला नाही, हे खरं आहे. चार वर्षं खटला रेंगाळला. आरोपी स्वतःच स्वतःचा वकील, त्यात तब्येतीमुळे पडणाऱ्या तारखा. त्याबद्दल कोर्टाला हवी तेवढी नावं ठेवा. पण एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले गेले आणि जुलै २०११ नंतर त्यांतला एकही फरारी उरला नाही. या कोर्टाकडे स्वतःचे पोलीस नव्हते, हे ध्यानात घ्या. बोस्नियातल्या सर्बांचा नेता कराजिच बेलग्रेडमध्ये दाढी वाढवून, खोट्या नावाने पर्यायी उपचार करत फिरत होता, त्याला २००८ मध्ये धरला. त्यांचा सेनापती म्लादिच २०११ मध्ये एका खेड्यात नातेवाइकाच्या घरी सापडला. दोघांनाही जन्मठेप झाली.

आता इतिहासकारांचं. आरोपींचा बचाव असा होता की जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात मेलेले पुरुष लढाईत मेले. तपास पथकाने खड्डे उकरले तेव्हा किती तरी प्रेतांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि हात मागे बांधलेले निघाले. मारल्यानंतर काही आठवड्यांनी म्लादिचच्या त्याच सैन्याने यंत्रं लावून तीच थडगी पुन्हा उकरली होती आणि प्रेतं लांबच्या खड्ड्यांत नेऊन टाकली होती. एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी मिळाली. माती, काडतुसांच्या पुंगळ्या आणि पट्ट्यांचं कापड जुळवून कुठला खड्डा कुठून भरला ते दाखवून दिलं. काहींच्या मनगटावर सेकोची घड्याळं होती, हाताच्या हालचालीवर चालणारी. हात हलायचा थांबला की ती दीड-दोन दिवसांत बंद पडतात. तबकडीवरचा वार आणि तारीख जुलैच्या त्याच दिवसांवर थांबलेली होती. लढाईत मेलेल्या माणसाचे हात मागे कोण बांधतं? असा पुरावा न्यायाधीशांसमोर, आरोपीच्या वकिलाच्या उलटतपासणीत टिकावा लागतो. इतिहासकाराला कुणी उलट तपासत नाही.

आणि बोस्नियातलंच फोचा गाव. २००१ मध्ये तिघांना शिक्षा झाली. स्त्रियांना घरांत कोंडून महिनोन्‌महिने गुलामासारखं वापरणं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असं त्या निकालात स्वच्छ लिहिलंय. ‘युद्धात असं व्हायचंच’ म्हणून ज्याच्याकडे हजारो वर्षं डोळेझाक झाली, ते तिथे थांबलं. हे दुकान असेल तर अशी दुकानं गावोगावी हवीत.

नीरक्षीर:

घड्याळांचा पुरावा भक्कम आहे, मानतो. त्यावर माझा वाद कधीच नव्हता.

माझा वाद तराजूशी आहे. १९९९ मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँब टाकले. २३ एप्रिलच्या रात्री बेलग्रेडच्या सरकारी टीव्हीच्या इमारतीवर टाकले, तिथले १६ कर्मचारी मेले. तंत्रज्ञ, पहारेकरी, असली माणसं. हा प्रदेश याच न्यायाधिकरणाच्या अखत्यारीत, काळही अखत्यारीत. जून २००० मध्ये सरकारी वकील कार्ला देल पोन्ते यांनी सुरक्षा समितीला सांगितलं की तपास सुरू करण्याजोगं काही नाही. खटला राहू द्या, तपाससुद्धा नाही! आणि कोर्टाला पैसा, माहिती, उपग्रहांची छायाचित्रं कोण देत होतं ते तुम्हीच शोधा.

तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख आपले जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्यांनी १९९९ च्या हल्ल्यांवर जाहीर टीका केली होती. ते काही घरबसल्या बोलत नव्हते.

काळा कोट:

मी सत्र न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे मला यातलं वेगळंच लागतं.

एर्देमोविचचं उदाहरण घ्या. ब्रान्येवोच्या शेतावर बसगाड्या भरभरून स्रेब्रेनित्साची माणसं आणली आणि गोळ्या घातल्या, त्या तुकडीतला हा शिपाई. त्याने आपण होऊन सगळं सांगितलं, स्वतःच्या हातून सत्तरेक माणसं मेली असतील असंही सांगितलं. ‘नाही म्हणालो असतो तर मलाच त्यांच्या रांगेत उभं केलं असतं’ हा त्याचा बचाव. आधी दहा वर्षं, मग अपिलानंतर १९९८ मध्ये पाच वर्षं. पाच! आमच्याकडे साध्या दरोड्यात याहून जास्त मिळतात.

तरीही मी ती शिक्षा चूक म्हणणार नाही. त्याच्या जबानीवर पुढचे मोठे मासे अडकले. माफीचा साक्षीदार घेताना आम्हीही हाच हिशोब करतो, फरक इतकाच की याने शिक्षाही भोगली.

मला खरी चीड कशाची येते ते सांगतो. त्या कोर्टात साडेचार हजारांहून जास्त साक्षीदार झाले. गरज पडली तिथे नाव बदललं, चेहरा झाकला, आवाज बदलला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. माझ्या एका खटल्यात फिर्यादीची सख्खी बहीण, डोळ्यांदेखत खून पाहिलेली, साक्षीच्या दिवशी आरोपीच्या चुलत्याच्या जीपमधून कोर्टात उतरली आणि फितूर झाली. संरक्षणाचा अर्ज दिलेला होता. त्यावर निकाल होईपर्यंत खटलाच संपला. हेगवर बोलायचा आपल्याला काय हक्क?

माणदेशी:

वकीलसाहेब, तुमची चीड रास्त आहे, पण तिचा इथे काय संबंध? आपली कोर्टं नीट नाहीत म्हणून दुसऱ्यांच्या कोर्टावर बोलायचंच नाही?

काळा कोट:

संबंध सरळ आहे. तुम्ही पुरावा टिकला म्हणून कौतुक करताय. पुरावा टिकतो कारण साक्षीदार टिकतो. साक्षीदार टिकवायला पैसा लागतो, जो नीरक्षीर इतिहासकारांना वाटायला निघालेत.

डचपुणेकर:

मी इथे नेदरलँड्समध्येच राहतो. न्यायाधिकरण चालू असताना प्रेक्षक सज्जात जाऊन बसलो आहे. जुन्या विमा कंपनीची इमारत. काचेपलीकडे न्यायाधीश, कानात भाषांतराचा हेडफोन. एका साक्षीच्या वेळी पडदे खाली आले आणि आम्हाला फक्त बदललेला आवाज ऐकू येत होता. बाई सांगत होती की मुलाला बाजूला काढलं तेव्हा त्याच्या हातात तिची पिशवी राहिली. आरोपीचे वकील विचारत होते पिशवी कुठल्या रंगाची. मला तेव्हा संताप आला होता. वकीलसाहेबांना त्यात काही वावगं वाटणार नाही.

पण दोन्ही बाजूंना न आवडणारं सांगतो. स्रेब्रेनित्साजवळ पोटोचारीच्या तळावर शांतिसेनेची डच बटालियन होती. आश्रयाला आलेल्या पुरुषांना तळाबाहेर जाऊ दिलं. त्यातल्या एकाही डच अधिकाऱ्यावर हेगमध्ये आरोप झाला नाही. नातेवाईक इथल्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं भांडले. २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तळावरच्या साडेतीनशे पुरुषांपुरती सरकारची जबाबदारी ठरवली, तीही दहा टक्के. खालच्या कोर्टाने तीस म्हटली होती. मी इथे कर भरतो, म्हणून हे मला जास्त टोचतं.

फौजीची लेक:

सगळे बोस्नियावर बोलताय. आपल्या दारातलं कुणालाच आठवत नाही का?

१९७१ मध्ये ढाक्यात शरण आलेले ९३ हजार आपल्या ताब्यात होते. त्यांतल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे असं बांगलादेश म्हणत होता. त्यासाठी १९७३ मध्ये त्यांनी कायदाही केला. पाकिस्तान त्याविरुद्ध हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि नंतर दावा काढून घेतला. ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत तिघांनी सह्या केल्या आणि ते १९५ सुद्धा घरी गेले.

माझे वडील तेव्हा जबलपूरच्या छावणीवर पहाऱ्याला होते. कैद्यांना आपल्या जवानांसारखंच रेशन, पत्रं, डॉक्टर. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, जिनिव्हा करार आहे म्हणायचे. पण गाड्या सुटल्या त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत, असं आई सांगते. आणि सरकारच्याच यादीतले आपले ५४ बेपत्ता जवान? सगळे कैदी परत देताना त्यांच्याबद्दल काय मागून घेतलं?

नीरक्षीर:

ताई, अगदी बरोबर! युद्धगुन्ह्यांचा न्याय सौद्यावर चालतो, हेच मी सांगतोय.

फौजीची लेक:

माझ्या वडिलांना तुमच्या मुद्द्याला जोडू नका. मी सौद्याला विरोध करते आहे, न्यायाला नाही.

माणदेशी:

ताई, राग समजतो, पण दुसरी बाजूही मांडा. लाखो बंगाली पाकिस्तानात अडकले होते. तुम्ही १९५ वर खटले चालवाल तर आम्हीही आमच्याकडच्या बंगाल्यांवर चालवू, अशी भुट्टोंची धमकी होती. मुजीबना आपली माणसं परत हवी होती आणि पाकिस्तानची मान्यताही. आपले परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंगांच्या हातात फार काही नव्हतं.

फौजीची लेक:

म्हणजे ओलीस धरले की गुन्हे माफ? मग म्लादिचनेही ते केलंच होतं, शांतिसैनिकांना धरून खांबांना बांधलं होतं. तुमच्या हिशोबाने त्यालाही सोडायला हवं होतं.

माणदेशी:

नाही. मला एवढंच म्हणायचंय की ते खटले झाले नाहीत त्याची किंमत आजही चुकवतोय. बांगलादेश म्हणतं तीस लाख मेले. पाकिस्तानच्या हमुदूर रहमान आयोगाने २६ हजारांचा आकडा लिहून ठेवला, आणि तो अहवालसुद्धा २००० पर्यंत दडपलेला. त्या आयोगानेच काही अधिकाऱ्यांवर खटले भरा म्हटलं होतं, एकावरही झाला नाही. कुठे तीस लाख, कुठे सव्वीस हजार! पन्नासहून जास्त वर्षांनी आपण अजून संख्येवर भांडतोय, कारण कुणी खड्डे उकरले नाहीत, कुणाची उलटतपासणी झाली नाही. स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर माणसं मेली आणि त्यातल्या बहुतेकांची ओळख डीएनएवरून पटवून नावानिशी दफन झालं. तिथे नाकारणारे आहेतच, पण त्यांना निकालपत्राशी भांडावं लागतं.

डचपुणेकर:

हा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

काळा कोट:

१९७४ च्या करारात आपण कायद्याने काय सोडलं, ते कुणी वाचलंय का? करारात बांगलादेशने दया म्हणून खटले सोडले, गुन्हे झाले नाहीत असं कुठेच म्हटलेलं नाही. २०१० नंतर ढाक्यात खटले चालले ते स्थानिक सहकाऱ्यांवर. हुकूम देणारे गणवेशातले लोक कधीच पिंजऱ्यात आले नाहीत.

नीरक्षीर:

नाटोवर मात्र कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

माणदेशी:

लिहितो. तपास उघडायला हवा होता. टीव्ही इमारतीचा तर नक्कीच. देल पोन्तेंनी कच खाल्ली. पण त्याने फोचाच्या बायकांच्या साक्षी खोट्या ठरत नाहीत, आणि मला तुमच्याकडून हे ऐकायचंय.

नीरक्षीर:

खोट्या ठरत नाहीत. ठरवल्याही नव्हत्या. आता तुम्ही सांगा, १९९८ मध्ये रोमला कायम आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला, भारत तटस्थ राहिला. सुरक्षा समितीला प्रकरणं पाठवायचा अधिकार आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांतून वगळणं, यावर आपले आक्षेप होते. पुतिन, नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघालं आणि अमेरिकेने न्यायालयाच्या लोकांवरच निर्बंध लादले. अशा न्यायालयात भारताने आता सामील व्हावं का? हो की नाही?

माणदेशी:

हो. आपल्या सैनिकांनाही उत्तर द्यावं लागेल हे धरून हो.

फौजीची लेक:

माझं नाही. ज्या दिवशी पाकिस्तान सही करेल त्या दिवशी मी विचार करेन. त्याआधी ५४ जणांच्या घरच्यांना सरकारने काय कळवलं, ते कुणाला ठाऊक असेल तर लिहा.