मदत हवी आहे: बाळंतपण होऊनही कंबरेपासून पायापर्यंत कळ जातेय

ताई लोकहो, मी सध्या चोपड्याला माहेरी आहे, बाळंतीण. सातव्या महिन्यापासून उजव्या कुल्ल्यातून कळ निघते ती मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट तळपायापर्यंत करंट लागल्यासारखी जाते, वाटलं बाळ झालं की थांबेल पण नाही थांबली. पाजायला वाकून बसलं की अजून वाढते, बाजेवरून उठताना तर आईचा हात धरावा लागतो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या सायटिका आहे, म्हणजे कंबरेतून पायात जाणारी नस दबल्याने येणारी कळ. गरोदरपणात रिलॅक्सिन हार्मोनमुळे ओटीपोटाचे सांधे सैल पडतात, पोट पुढे आल्याने कंबरेचा बाक वाढतो, कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आखडून नस दाबतो, कधी मणक्यातली गादी सरकलेली असते, आणि डिलिव्हरी झाली म्हणून सांधे लगेच घट्ट होत नाहीत. हे पटलं, पण माझं नक्की कशामुळे ते कसं कळणार? डिलिव्हरीच्या वेळी बराच वेळ पाय वर धरून होते, त्याने पण नस दबते का?

इकडे सगळ्यांचं एकच, वात शे, शेक घे. शेकाने बरं वाटतं पण तेवढ्यापुरतंच.

पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधे बधिर वाटलं तर लगेच या असं बजावलंय, तसं काही नाहीये.

कोणाला झालं होतं का असं? कशाने कमी झालं? जळगाव-भुसावळकडे बाळंतिणींचे व्यायाम नीट शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर प्लीज सांगा, आणि पाजताना तुम्ही कसं बसायच्या तेही.